सड्यावर गुरे नाहीत

सरकारी नोकरीत मी सगळ्यात जास्त काय पाहिलं असेल, तर म्हशीची मागची बाजू. पुढून तिला माझ्यात रस नसतो आणि मला तिच्या शिंगांत. मागून मात्र आमचा पंचवीस-तीस वर्षांचा घरोबा आहे.

गुरांच्या दवाखान्यात मी सहायक. डॉक्टर नव्हे. डॉक्टर जीपमधून येतात, सुई टोचतात आणि जातात. सुई उकळणं, शेपटी धरणं, लाथ खाणं आणि नंतर मालकिणीच्या हातचा चहा पिणं ही कामं माझ्याकडे. तरी पेडण्यापासून डिचोलीपर्यंत सगळे मला 'डॉक्टरबाब' म्हणतात, आणि मी कुणाची चूक दुरुस्त करायला गेलेलो नाही.

दर काही वर्षांनी आमचं खातं गुरांची गणती करतं. छापील तक्ता घेऊन दारोदार जायचं. मालकाचं नाव, गाई किती, म्हशी किती, बैल किती. एकच नियम पक्का: एक जनावर दोनदा मोजायचं नाही. जनावर मालकाच्या नावावर, मालकाच्या घरी. सोपं वाटतं ना? मग ऐका.

कोरगावात एक म्हातारी होती. मी अंगणात पाय ठेवला की तिच्या कोंबड्या नाहीशा. "आजी, कोंबड्या किती?" "कोंब्यो? खंयच्यो कोंब्यो?" आणि त्याच क्षणाला ती ज्यावर बसली होती त्या डालग्याखालून कोंबडा आरवायचा. म्हातारी जागची हलायची नाही. "तो शेजाऱ्याचो," म्हणायची, "हंगा रडूक येता." म्हणजे इथे फक्त रडायला येतो.

आणि पार्सेत, म्हणजे माझ्याच गावात, एका शेतकऱ्याने मला मेलेला बैल लिहायला लावला. "गोठ्यात नाय म्हणून काय झालं? जू अजून त्याच्याच मापाचं आसा," असं म्हणून तो माझ्यासमोर रडला. मी बैल लिहिला. नियमात बसत नव्हतं, पण लिहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा. मला ती पुढे फार टोचणार आहे.

आता ज्या गावाबद्दल सांगायचं आहे ते डिचोली तालुक्यातलं. नाव सांगत नाही. ते गाव दुमजली होतं. खालच्या मजल्यावर शेतकरी: ओहोळाच्या दोन्ही काठांना भातशेती, पावसाळ्यात सरद, थंडीत वायंगण, माड, पोफळी, कौलारू घरं, घरांना रंगीत जनेलं, म्हणजे खिडक्या. वरच्या मजल्यावर सडा. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा, सगळा जांभा दगड. मे महिन्यात तिथे चप्पल काढली तर पाय भाजतात आणि श्रावणात तिथेच कमरेएवढं गवत. त्या सड्यावर धनगरांची आठ घरं. शेणाने सारवलेल्या भिंती, गवताचं छप्पर, आणि माणसांच्या घरापेक्षा मोठे गोठे. एका कडेला कातळाच्या फटीतून वाहणारी झर. आठ घरं आणि सगळी गुरं त्या एका झरीवर जगत होती.

आमच्या भागाचं नुकतंच स्वतंत्र राज्य झालं होतं. मराठी की कोकणी या भांडणाचे रंग भिंतींवरून अजून गेले नव्हते. एकाच भिंतीवर मराठी घोषणा, तिच्यावर चुना, चुन्यावर कोकणी घोषणा, तिच्यावरही चुना. आमचे तालुक्याचे साहेब मूळ फोंड्याचे, हौशी गृहस्थ. ते म्हणाले, "राज्य आपलं झालं, आता आपल्या गावांची ओळख नको का आपल्याला? गणतीला जाताच आहात, तर प्रत्येक गावाची एक माहितीपुस्तिका करा." बाकीचे सहायक कपाळाला हात लावून बसले. मी मात्र खूश. पार्सेच्या जत्रेतल्या नाटकात मी दरवर्षी राजा होत असे. तोंडाला रंग नसतानाही मला लोकांनी ऐकावं असं वाटायचं. पुस्तिका लिहायची म्हणजे माझं नाव छापून येणार!

तर मी सडा चढलो. तिथे मला जानूबाबा भेटला.

तेव्हा तो पन्नाशीचा असेल. उंच, काटक, डोक्याला पंचा, खांद्यावर घोंगडी, आणि बोलताना समोरच्याऐवजी म्हशींकडे बघण्याची सवय. बायको भागीबाय, ठेंगणी आणि हसरी. तिने मला नाचणीची भाकरी आणि तांब्याभर ताक दिलं, आणि मी तक्ता उघडला.

"मातृभाषा?" मी आधी पुस्तिकेसाठी विचारलं. त्या काळात हा प्रश्न विचारताना आवाज आपोआप खाली यायचा. "मराठी लिहू की कोकणी?"

जानूबाबाने विचार केला. "म्हशीला कळती ती लिवा."

"म्हशी किती?"

त्याने गोठ्याकडे हात केला. "ती कपिली गाय, पुरसोबाबाची. ती चांदी म्हस, तीबी त्येंचीच. मोगरी खालच्या सुताराची. ते दोन पाडे देवळाकडच्या घरचे." प्रत्येक जनावराला नाव आणि प्रत्येक नावाला खालच्या गावातलं घर.

इथे मला तुम्हाला एक रिवाज समजावून सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. खालच्या शेतकऱ्याकडे चारायला जागा नाही. भाताचा पेंढा आहे, पण कुरण नाही. वरच्या धनगराकडे कुरण आहे, पण भात नाही. म्हणून खालचा माणूस आपली कालवड किंवा आटलेली म्हैस वर नेऊन सोडायचा. याला ते राखणीला देणं म्हणत. दूध धनगराचं. पहिलं वासरू मालकाचं, दुसरं धनगराचं. कापणी झाली की सगळा कळप खाली उतरायचा आणि शेतकऱ्यांच्या मळ्यांत बसायचा. शेण शेताला, पेंढा आणि भात धनगराला. कागद नाही, सही नाही. देण्याचा विधी एवढाच, की मालकाने जनावराच्या पाठीवर हात ठेवायचा, "ऱ्हांव दी तुज्याकडे" म्हणायचं आणि सडा उतरायचा. उतरताना मागे वळून बघायचं नाही. वळून बघितलं तर राखणाऱ्यावर विश्वास नाही असा अर्थ.

"हे सगळं लोकांचं," मी म्हटलं. "दुसरी वासरं तुमची ना? तुमच्या स्वतःच्या किती?"

"त्या देवाच्या."

"देवाच्या म्हणजे?"

"राखणदाराच्या." सड्याच्या टोकाला एक कातळ होता, शेंदूर फासलेला. तिकडे त्याने नुसती हनुवटी उचलली.

"अहो, पण मी लिहायचं काय? देव काही तक्त्यात बसत नाही. म्हैस तुमची, असं लिहू ना?"

जानूबाबा दचकला. "डाक्टरबाब, म्हस काय लुगडं हाय व्हय, माजी म्हनायला? सड्यावर कुनी माजी म्हनत न्हाई. माजी म्हनलं की वाघ आयकतो."

मी हसलो. मग नियम आठवला: मालकाच्या नावावर, मालकाच्या घरी. पुरसोबाबाची गुरं मी खाली पुरसोबाबाच्या घरी लिहिली. सुताराची सुताराकडे. देवाच्या म्हशी कुणाच्याच घरी बसेनात, म्हणून त्या राहिल्या. आठही घरांत तेच उत्तर मिळालं. तक्त्यात मी लिहिलं: धनगर घरे आठ, मालकीची गुरे नाहीत. पार्सेचा मेलेला बैल जिवंत लिहिणारा मी. माझ्या डोळ्यांसमोर चाळीसभर म्हशी रवंथ करत होत्या आणि मी 'नाहीत' लिहिलं, कारण नियमात तसं बसत होतं.

निघताना भागीबायने एक पारडी ओढत आणली. आठवड्यापूर्वी जन्मलेली, अंगावर राखी केस, पाय अजून आपले आपल्याला न सापडलेले.

"ही तुमची," जानूबाबा म्हणाला. "पुस्तक लिवताय आमचं. त्येची."

मला हसू आलं. सरकारी खोलीत राहणारा माणूस म्हैस ठेवणार कुठे? मी त्या पारडीच्या पाठीवर थोपटलं. "राहू दे तुमच्याकडेच," म्हटलं आणि शेवटची बस चुकू नये म्हणून सडा भराभर उतरलो. मागे भागीबाय का हसली ते मला तेव्हा कळलं नाही.

पुस्तिका छापून आली. सड्याबद्दल मी एक वाक्य घातलं होतं, ते साहेबांना फार आवडलं. दवाखान्यात मी ते चारचौघांत मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं, राजाच्या आवाजात: "गावाच्या माथ्यावर काळ्या-तांबड्या जांभ्याचा विस्तीर्ण सडा पसरलेला असून तो खडकाळ व पडीक आहे, तेथील आठ धनगर कुटुंबांकडे मालकीची गुरे नाहीत." टाळ्या पडल्या. 'पडीक' हा शब्द मला का सुचला देव जाणे. 'विस्तीर्ण'च्या पुढे तो कानाला बरा वाटला असावा.

पाच-सहा वर्षं गेली. त्या वर्षांत डिचोलीचा रंग बदलला. रस्ते तांबडे झाले, माडांच्या झावळ्या तांबड्या झाल्या, वाळत घातलेले कपडे तांबडे झाले. खाणींचे ट्रक एकामागून एक. शेतकऱ्यांची मुलं ट्रकवर ड्रायव्हर आणि क्लीनर. आणि एके दिवशी जानूबाबा दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला. हातात कागद होता, पण तो त्याने वाचायला नव्हे, नुसता धरायला आणला होता.

एका कंपनीने सड्यावर खाणीसाठी अर्ज केला होता. त्यावर पंचायतीच्या सभागृहात मामलेदारांपुढे सुनावणी होणार होती. मी चौकशी केली. मामलेदार माणूस भला होता. तो म्हणाला, "सड्यावर गुरं चरतात हे सिद्ध झालं तर वरचा अर्धा भाग आणि झर मला खाणीतून वगळता येईल. पण सरकारी कागद सांगतो की गुरंच नाहीत." आणि त्याने माझ्यासमोर माझी पुस्तिका उघडली. पानावर पेन्सिलीने रेघ मारली होती. विस्तीर्ण. पडीक. मालकीची गुरे नाहीत.

आयुष्यात पहिल्यांदा मला माझं लिखाण कुणीतरी काळजीपूर्वक वाचलेलं दिसलं.

"मी चुकीचं लिहिलं, साहेब," मी म्हणालो.

"तसं तुम्ही सांगून चालायचं नाही. धनगराने सांगायला हवं, की गुरं माझी आहेत. समोर उभं राहून."

म्हणजे सगळं एका शब्दावर आलं. जानूबाबाने मामलेदारांसमोर उभं राहून 'माझ्या' म्हणायचं, की झर वाचली, गवत वाचलं, आठ घरं वाचली. नाही म्हटलं तर सडा जाणार.

मी रजा टाकली आणि सड्यावर तालीम घ्यायला गेलो. हो, तालीम. मी पंच्याची पगडी करून मामलेदार झालो. उपडी घातलेली बाल्दी हे माझं आसन. आठही घरांतली माणसं समोर बसली.

"नाव?"

"जानू."

"या म्हशी कोणाच्या?"

जानूबाबाने गोठ्याकडे बघितलं.

"अहो बाबा, म्हणा, माझ्या."

"पुरसोबाबाच्या."

"नाही! माझ्या!"

"तुमच्या?" असं त्याने इतक्या भाबडेपणाने विचारलं की भागीबाय पदर तोंडात कोंबून लोळली. मीही हसलो. तीन वेळा पगडी सुटली. शेवटी उन्हं कलताना त्याने डोळे गच्च मिटले आणि म्हणाला, "माज्या." आणि लगेच शेंदराच्या कातळाकडे बघितलं. मी टाळ्या वाजवल्या.

भागीबाय हसायची थांबली होती. "डाक्टरबाब, आनि खालच्यांनी आयकलं तर? पुरसोबाबा बसनार न्हवं थितं?"

"त्यांना कळतं हो. हे सरकारपुरतं आहे."

"त्येंना आदी सांगून येता?"

खाली पुरसोबाबाचं घर माझ्या वाटेवरच होतं. दहा मिनिटांचं काम. पण मी गेलो नाही. उशीर झाला होता असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो आहे. खरं कारण वेगळं. आधी सांगितलं तर मजा गेली असती. कंपनीचा वकील, मामलेदार, गाव, सगळे बसलेले आहेत आणि हा सड्यावरचा माणूस उभा राहून गर्जतो, 'माझ्या!' तो प्रवेश मला पाहायचा होता. नाटकवाल्या माणसाला पडदा उघडण्याआधी कुणी गोष्ट फोडलेली खपत नाही.

सुनावणीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मागच्या बाकावर पुरसोबाबा आणि खालचे शेतकरी. पुरसोबाबा साठीचे, पांढरी टोपी, गावातला शब्दाचा माणूस. जानूबाबाने कुणाचा तरी पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीच्या घड्यांसकट.

मामलेदारांनी विचारलं, "सड्यावरच्या गाई-म्हशी कोणाच्या?"

"माज्या," जानूबाबा म्हणाला.

मला वाटलं, झालं, आता बस. पण तालमीत मी त्याला थांबायला शिकवलं नव्हतं. एकदा बांध फुटल्यावर तो थांबेना. "चांदी माजी. मोगरी माजी. ते पाडे माजे. पुरसोबाबाची कपिली, तीबी माजी." डोळे मिटलेले, आवाज चढत चाललेला. एकेक जनावर नावाने घेतलं त्याने. फक्त गोठ्यातल्या एका म्हशीचं नाव घेतलं नाही. ते माझ्या लक्षात आलं, पण मला वाटलं, घाईत विसरला.

वकील काहीतरी पुटपुटला. मामलेदारांनी लिहून घेतलं. वरचा अर्धा भाग आणि झर खाणीतून वगळण्याचा निकाल पुढच्या आठवड्यात आलाही. पण त्या दुपारी मी तेवढ्यावरच नाचत बाहेर आलो आणि समोरच्या हॉटेलात सगळ्यांना चहा-भजी सांगितली.

पुरसोबाबांनी कप हातात घेतला नाही.

"डॉक्टरबाब," ते म्हणाले, "कपिलेची आवय माझ्या बापायन थंय दिल्ली. पाठीर हात दवरून. आज तो माझ्या तोंडार म्हणटा, माजी." कपिलीच्या आईपासून चालत आलेला शब्द होता तो.

"अहो बाब, ते फक्त सरकारला सांगायला. मीच शिकवलं त्याला."

"तुमी?"

"हो. नाहीतर सडा जात होता."

"मागीर माका कित्या सांगूंक ना?" मग मला का सांगितलं नाही, असं त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. "हांव स्वता उबो रावून म्हणपाचो आशिल्लों, ती ताचीच म्हणून. माका विचारपाचें तरी."

हे मला आजही झोपताना आठवतं. ते स्वतः उभे राहिले असते आणि म्हणाले असते, ती जानूचीच.

"आता काय बिघडलं, बाब? तो गुरं परत देणार नाही असं थोडंच आहे?"

"तो दितलो. पूण कागदार चडलें मरे. सरकारान बरयलें, कपिली जानूची. फाल्यां हांव मेलों, जानू मेलो, ताच्या पुतान आनी माझ्या पुतान कितें वाचपाचें? कागदाचें मोल तूंच सांगतालो न्हय आमकां?" उद्या दोघंही गेल्यावर दोघांची मुलं कागदच वाचणार, असं त्यांचं म्हणणं. आतापर्यंत ते मला 'तुमी' म्हणत होते. तेवढ्या एका वाक्यात मी 'तूं' झालो.

आठवड्याभरात ते दावं घेऊन सड्यावर गेले. भांडण नाही, आवाज नाही. कपिली आणि चांदी घेऊन उतरले. त्यांनी नेली म्हटल्यावर सुताराने मोगरी नेली. मग देवळाकडच्या घराने पाडे. मी प्रत्येक घरी गेलो, हात जोडले, सगळं माझ्या अंगावर घेतलं. सगळ्यांनी मला चहा दिला. कुणी रागावलं नाही. पण शब्दावर चालणाऱ्या गोष्टीत एकदा कागद शिरला, की शब्द परत त्याच जागी बसत नाही.

खाली गुरं ठेवायला गोठे नव्हते. मुलं ट्रकवर. महिना-दोन महिन्यांत दलाल आला आणि गुरं गेली. सड्यावर उरल्या देवाच्या म्हशी, पण नुसत्या देवाच्या म्हशींवर आठ घरं जगत नाहीत. खालून पेंढा येईना, भात येईना. मळ्यात बसवायला कळपच नाही, तर कोण देणार? एकेक घर उठलं. कुणी दोडामार्गाकडे गेलं, कुणी खाणीच्या फाटकावर राखणदार झालं. माणूस राखणदार, म्हणजे वॉचमन, कातळातला नव्हे. त्या कातळातल्याची तक्रार कुणी लिहून घेतली नाही.

कंपनीने दुसरा अर्ज केला तेव्हा सुनावणी झालीच नाही. हरकत घ्यायला माणूस हवा आणि चरायला गुरं. खालच्या अंगाने खणत आले, आणि वरची झर एका उन्हाळ्यात आटली.

मी त्या काळात काय करत होतो? पेडण्याला बदली मागून घेतली होती. आंब्याखाली बसून लोकांना गोष्टी सांगत होतो. कोरगावच्या म्हातारीची सांगत होतो, मेलेल्या बैलाची सांगत होतो. ही सांगत नव्हतो.

काही वर्षांनी पुन्हा गणती आली, तेव्हा डिचोलीत माणसं कमी पडली आणि साहेबांनी मला परत तेच गाव दिलं. साहेब नवीन होते, त्यांना काही माहीत नव्हतं. मी नाही म्हणू शकलो असतो. तक्ता काखेत घेऊन सडा चढलो.

गवत होतं, पण वाढलेलं, न चरलेलं, आडवं पडलेलं. सात घरांची छपरं बसली होती. एका घरातून धूर येत होता.

जानूबाबा वाकला होता. भागीबायने मला ओळखलं आणि ती हसली, पण आता तिला दात कमी होते. ताक नव्हतं. तिने कोरा चहा दिला. पाणी ती खालच्या नळावरून डोक्यावरून आणत होती, दिवसातून दोनदा, त्या चढावरून.

गोठ्यात एकच म्हैस होती. राखी, भरल्या अंगाची, स्वच्छ धुतलेली.

"तुम्ही अजून इथे का?" मी विचारलं. "मुलगी दोडामार्गाला आहे ना तुमची?"

"बोलावती," भागीबाय म्हणाली. "रोज बोलावती."

"मग?"

जानूबाबाने म्हशीकडे बघितलं. "भुरी हाय की."

"तिलाही घेऊन जा."

"तिला कशी न्हेऊ? तुमची हाय ती."

मी म्हशीकडे पुन्हा बघितलं. मग पाय न सापडणारी ती पारडी आठवली. पाठीवर ठेवलेला माझा हात, 'राहू दे तुमच्याकडेच', आणि बस गाठायला भराभर उतरताना मागे न वळता गेलेला मी. सगळा विधी मी बिनचूक केला होता. म्हणून भागीबाय हसली होती.

"देवाच्या होत्या त्या इकल्या का सोडल्या, आमचं आमी बघितलं," तो सांगत होता. "पर ही तुमच्या राखनीची. मालक आल्याबिगर राखनीचं जनावर सोडून जाता येत न्हाई. वाट बघत हुतो."

"सुनावणीत तुम्ही हिचं नाव घेतलं नव्हतं."

"बाकीच्यांना माजी म्हनलो, ते तुमी सांगितलं म्हनून. हिला माजी म्हन असं कुनी सांगितलं न्हाई. आनि तुमच्या तोंडावर कशी म्हनू?"

त्या म्हाताऱ्या बाईने इतके उन्हाळे डोक्यावरून पाणी वाहिलं होतं ते माझ्या म्हशीसाठी. मी पेडण्यात आंब्याखाली बसलो होतो तेव्हा माझी म्हैस सड्यावर दोन माणसांना बांधून ठेवत होती.

"पहिलं पारडू तुमचं हुतं," भागीबाय अपराध्यासारखी म्हणाली. "जगलं न्हाई. पानी कमी पडलं."

मी तक्ता उघडला, कारण हातांना काहीतरी हवं होतं. मालकाचं नाव. जानूबाबा माझ्या पेनाकडे बघत होता. तो शिकला नव्हता, पण त्या रकान्याची जागा आता त्याला पाठ होती.

"कोनाची लिवताय?" त्याने विचारलं.

"माझी," मी म्हणालो. तो शब्द काढायला मला त्याच्याइतकाच वेळ लागला.

मी माझं नाव लिहिलं. गाव पार्से. एक जनावर दोनदा मोजायचं नाही; मालकाच्या नावावर, मालकाच्या घरी. म्हणजे भुरी पार्सेच्या तक्त्यात गेली. सड्याच्या तक्त्यात पुन्हा तेच लिहावं लागलं, गुरे नाहीत. या वेळी ते खरं होतं.

पार्सेला माझ्या भावाचा गोठा आहे. रस्त्यावर टेम्पो मिळेल असं ठरवून मी दावं हातात घेतलं. भागीबायने भुरीच्या कपाळावरून हात फिरवला आणि घरात गेली. गाठोडं बांधायला घेतलं असावं, भांड्यांचा आवाज येत होता. जानूबाबाने भुरीच्या पाठीवर हात ठेवला, मालक ठेवतो तसा.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं," तो मला म्हणाला.

मी सडा उतरायला लागलो. मागे वळून बघितलं नाही. तेवढा तरी रिवाज पाळावा म्हणून मान ताठ ठेवून चाललो. पण हातातलं दावं सारखं ओढलं जात होतं. प्रत्येक वळणावर भुरी थांबायची, मान वळवायची आणि वर बघत उभी राहायची. तिला तो रिवाज कुणी शिकवला नव्हता.